नवे साहेब कडक आहेत? सरकारी कार्यालयात या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यात बदल्या होतात, जुने साहेब निरोप घेतात, नवे रुजू होतात. पहिल्याच आठवड्यात कुणाच्या हातात मेमो (लेखी खुलासा मागणारी नोटीस) पडतो, कुणाला भर बैठकीत चारचौघांसमोर ऐकून घ्यावं लागतं. त्याचा मनस्ताप खरा असतो, झोप उडते, राग घरच्यांवर निघतो. तरीही मला वाटतं, पहिल्या दोन-तीन महिन्यांत घाबरून किंवा चिडून आपण जे करून बसतो, त्याचा त्रास जास्त दिवस पुरतो.

"आधीच्या साहेबांच्या वेळी असं नव्हतं"

हे वाक्य तोंडातून काढूच नका. नव्या माणसाला ते आव्हान वाटतं. जुनी पद्धत खरंच बरोबर असेल तर तिच्यामागचा शासन निर्णय किंवा परिपत्रक समोर ठेवा.

शिस्तीला छळ समजणं

रोज पेंडन्सी, म्हणजे किती प्रकरणं प्रलंबित आहेत, विचारणारे साहेब जाचक वाटतात. पण २००५ च्या बदल्यांच्या कायद्यातच दफ्तर दिरंगाईला प्रतिबंध आहे: साधारणपणे एका टेबलावर फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. म्हणजे ते मागताहेत ते नियमातलंच आहे. कार्यविवरण नोंदवही (आलेल्या कागदांची आणि त्यांच्यावरच्या कार्यवाहीची नोंद) भरलेली आणि सहा गठ्ठे (कागदपत्रं सहा गटांत लावण्याची कार्यालयीन पद्धत) लावलेले असतील, तर दप्तर तपासणीत बोलायला फारशी जागाच राहत नाही. अपमान करणं, शिव्या देणं ही मात्र शिस्त नव्हे. त्या प्रसंगाची तारीख, वेळ आणि हजर असलेल्यांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा.

तोंडी आदेशावर काम उरकणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. "करून टाका, मी बघतो" असं साहेब म्हणतात, आपण पत्र काढतो. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघतो तेव्हा कागदावर सही आपली असते आणि साहेब दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असतात. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम ३ याच प्रसंगासाठी आहे: वरिष्ठांचे निर्देश शक्य तिथे लेखी घ्यावेत, ते जमलं नाही तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यावी.

पण "लेखी द्या" असं तोंडावर म्हटलं की भांडण ठरलेलंच. त्याऐवजी "साहेब, लगेच टिपणी सादर करतो, आपला आदेश झाला की आजच पत्र काढतो" असं म्हणा. टिपणी म्हणजे निर्णयासाठी फाइलवर लिहिलेली नोंद. टिपणीत "आजच्या चर्चेनुसार" असा उल्लेख येऊ द्या, लागू नियम जसाच्या तसा लिहा, तुमचं मत वेगळं असेल तर तेही सौम्य शब्दांत मांडा आणि "आदेशार्थ सादर" करा. निर्णय त्यांचा राहतो, आणि तुम्ही नियम दाखवला होता हे फाइलवर राहतं.

मेमोला रागाच्या भरात उत्तर

खुलासा मुदतीत द्या, एक रात्र जाऊ देऊन द्या. त्यात तारखा आणि आवक-जावक क्रमांक हवेत, विशेषणं नकोत. पोच घ्यायला विसरू नका. खुलासाच न देणारे लोक मी पाहिले आहेत; मग आरोप मान्य असल्याचा अर्थ काढला जातो.

गोपनीय अहवालाकडे दुर्लक्ष

गोपनीय अहवाल म्हणजे वरिष्ठांनी केलेलं तुमच्या वर्षभराच्या कामाचं मूल्यमापन. त्यातलं स्वयंमूल्यनिर्धारण, म्हणजे स्वतःच्या कामाबद्दल तुम्ही लिहायचा भाग, घाईत दोन ओळींत उरकू नका, वर्षभरात निकाली काढलेली प्रकरणं आकड्यांसह लिहा. शेरा खराब आला तर गप्प बसू नका. देव दत्त प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला अभिवेदन (शेऱ्याविरुद्ध लेखी म्हणणं) करता येईल. अभिवेदनाची मुदत चुकवू नका.

आमदारांचं पत्र आणणं

बदलीसाठी बाहेरून दबाव आणणं वर्तणूक नियमांतच निषिद्ध आहे. त्रासलेला माणूस तिकडे धावतो हे समजू शकतं, पण त्यानं तुमचीच बाजू लंगडी पडते.

"त्यांचा स्वभावच तसा" म्हणून सोडून देणं

अश्लील बोलणं, नकोसा स्पर्श, रात्री-अपरात्री घाणेरडे मेसेज या गोष्टी स्वभावात मोडत नाहीत. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. महिला कर्मचाऱ्याने घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. सबळ कारण असेल तर समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. तोवर मेसेज पुसू नका.