वजनाच्या सर्जरीनंतर वजन परत आलं आणि आता वजन उतरवायचं इंजेक्शन सुरू करताय? आधी हे वाचा

माझी स्लीव्ह, म्हणजे वजनासाठी पोट कापून लहान करायची सर्जरी, २०१८ मध्ये झाली. ११८ किलोवरून दीड वर्षात ७६ वर आले आणि मग बरीच वर्षं काटा तिथल्या तिथेच होता. नंतर बाबांचं आजारपण, रात्रीची जागरणं, दर दोन तासांनी चहा आणि चहाबरोबर दोन मारी बिस्किटं, असं करत करत ९१. ज्यांनी हे भोगलंय त्यांना माहितीय की सर्जरीनंतर वजन वाढलं की माणूस फॉलोअपला जायचंच सोडून देतो, तोंड कसं दाखवायचं असं वाटतं. मी दोन वर्षं गेले नाही, आणि ती दोन वर्षं फुकट गेली. म्हणून सगळ्यात आधी, ज्या टीमने ऑपरेशन केलंय त्यांच्याकडे परत जा, ते शक्य नसेल तर दुसऱ्या बॅरियाट्रिक (वजनाची ऑपरेशनं करणाऱ्या) सर्जनकडे किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा, पण जा. त्यांना हे काही नवीन नसतं.

मी पेशंट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे डोस वगैरे तुमचे डॉक्टरच ठरवणार. मी फक्त काय विचारायचं, काय तपासायचं आणि घरी काय सांभाळायचं ते सांगतेय.

आधी मनातली एक गाठ सोडवा. "ऑपरेशन करून पण औषध लागतंय म्हणजे मीच नापास" असं काही नसतं. लठ्ठपणा हा जुनाट आजार आहे, बीपीसारखा. शरीर गेलेलं वजन परत मिळवायला बघतं, भूक वाढवतं, आणि थोडं वजन परत येणं हे बहुतेकांच्या बाबतीत होतंच. सर्जरीनंतर औषध चालतं का यावर चाचण्या झाल्यात. लंडनची बारी-ऑप्टिमाइज नावाची ट्रायल २०२३ मध्ये छापून आली, ७० जण होते, सगळ्यांची स्लीव्ह किंवा बायपास (हृदयाची नाही, पोट लहान करून आतड्याकडे वळवायची) झालेली पण वजन हवं तसं उतरलेलं नाही. २४ आठवडे रोज लिराग्लुटाइड (याच जातीचं जुनं इंजेक्शन) घेणाऱ्यांचं वजन सरासरी जवळपास ९ टक्के उतरलं, डमी इंजेक्शनवाल्यांचं जेमतेम अर्धा टक्का, आणि आहार-व्यायामाचा सल्ला दोघांनाही सारखाच होता. म्हणजे प्रश्न नुसता इच्छाशक्तीचा असता तर हा फरक पडलाच नसता.

पण औषधाआधी वजन का वाढलं ते शोधायचं. ही पायरी कुणीही गाळू नका. मी पहिल्यांदा ज्या क्लिनिकमध्ये गेले तिथे माझं वजन केलं, ऑपरेशन कधी झालं तेवढं विचारलं आणि "पहिला डोस आजच घेऊन टाका, बिल खाली करा" म्हणाले. रक्त नाही, सोनोग्राफी नाही, काय खाता हेसुद्धा नाही. मी उठून आले आणि आज वाटतं बरं झालं आले, कारण दुसऱ्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या तेव्हा बी१२ पार तळाला गेलेलं निघालं आणि थायरॉईडची गोळी कमी पडत होती. ते तसंच ठेवून इंजेक्शन घेतलं असतं तर थकवा येतोय तो कशाने हे कुणालाच कळलं नसतं.

मागून घ्यायच्या तपासण्या म्हणजे सीबीसी, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, अल्ब्युमिन, टीएसएच (थायरॉईड), एचबीए१सी (तीन महिन्यांची शुगर), क्रिएटिनिन (किडनी), लिव्हरच्या, आणि पोटाची सोनोग्राफी पित्ताचे खडे बघायला, कारण वजन झपाट्याने उतरलं की खडे होतात आणि या औषधांनीही तो धोका वाढतो. खूप अ‍ॅसिडिटी असेल किंवा आधी पोट पटकन भरायचं आणि आता कितीही खाल्लं तरी जातं असं असेल तर डॉक्टर एंडोस्कोपी किंवा बेरियम पाजून काढायचा एक्स-रे सांगतात, पाऊच म्हणजे लहान केलेलं पोट किंवा आतड्याशी केलेला जोड सैल झालाय का ते बघायला. बायपासवाल्यांमध्ये कधी कधी जुन्या पोटाशी परत वाट तयार झालेली असते, त्याला इंजेक्शन हा उपाय नाही. चालू गोळ्यांची यादीही घेऊन जा, स्टेरॉईड, इन्शुलिन, मानसिक आजाराची काही औषधं यांनी वजन वाढतं. आणि दारू घेत असाल तर खरं सांगा, बायपासनंतर ती लवकर चढते आणि त्यातल्या कॅलरी कुठेच अडत नाहीत.

आता औषधं. आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये मौंजारो म्हणजे टिर्झेपॅटाइड आलं, जूनमध्ये वेगोवी म्हणजे सेमाग्लुटाइड, दोन्ही आठवड्यातून एकदा घ्यायची. सेमाग्लुटाइडची गोळी रायबेल्सस त्याच्याही आधीपासून मिळते, डायबेटिससाठी. बरेच जण म्हणतात सुईपेक्षा गोळी बरी. इथे आपलं वेगळं आहे हं, ती गोळी पोटातच शोषली जाते, रिकाम्या पोटी घोटभर पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास काही खायचं नाही, आणि आपलं पोटच कापून लहान केलेलं किंवा वळवलेलं आहे, त्यामुळे ती किती लागू पडेल याचा भरवसा धरता येत नाही. इंजेक्शन त्वचेखाली जातं, त्याला पोटाशी देणंघेणं नाही. माझ्या डॉक्टरांनी याच कारणाने इंजेक्शन दिलं.

डोस अगदी खालून सुरू होतो, टिर्झेपॅटाइड २.५ मिलिग्रॅम, सेमाग्लुटाइड ०.२५, आणि किमान चार आठवडे झाल्याशिवाय वर जात नाहीत. आपण तर अजून सावकाश जायचं. मी २.५ वर सहा आठवडे होते, नंतर ५, आणि अजून तिथेच आहे कारण वजन उतरतंय आणि दोन घास जेवताही येतंय. शेजारची १० वर गेली म्हणून आपण जायचं नाही, तिचं पोट अख्खं आहे.

कुणी घ्यायचंच नाही तेही बघा. तुम्हाला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला मेड्युलरी थायरॉईड कॅन्सर (थायरॉईडचा एक प्रकारचा कॅन्सर) झालेला असेल किंवा एमईएन२ (ग्रंथींमध्ये गाठी होण्याचा आनुवंशिक आजार) असेल तर नाही. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गरोदरपणात नाही, बाळाचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आणि टिर्झेपॅटाइड किमान एक महिना आधी बंद करावं लागतं. आणि हे मुलींनो नीट वाचा, टिर्झेपॅटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो, सुरू केल्यावर चार आठवडे आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे कंडोम वापरायचाच. वजन उतरलं की पीसीओएसवाल्यांची पाळी नियमित होते, दिवस राहायची शक्यता वाढते, हे लक्षात ठेवा.

इंजेक्शन मी शनिवारी रात्री घेते, म्हणजे मळमळ झालीच तर रविवारी घरी असते. पेन फ्रीजमध्ये ठेवायचं पण बर्फाच्या खणाला चिकटून नाही, गोठलं की ते फेकायचंच. मी डब्यात घालून मधल्या खणात ठेवते, मेथीच्या जुडीमागे जाऊ नये म्हणून डब्याला लाल रबर लावलाय. घ्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढते, गार औषध चुरचुरतं. नवीन सुई दर वेळी, एक थेंब बाहेर येतो का बघायचं, बेंबीपासून दोन इंच सोडून पोटावर किंवा मांडीवर, दर आठवड्याला जागा बदलायची. बटण दाबल्यावर लगेच ओढायचं नाही, मनात आकडे मोजायचे, किती ते पत्रकात असतं. मौंजारोच्या पेनमध्ये चार डोस झाले तरी थोडं औषध उरलेलं दिसतं, जीव तुटतो, पण ते सिरिंजने ओढून घ्यायचं नाही, ते तसंच असतं.

आता मुख्य मुद्दा, खाण्याचा. इंटरनेटवर सगळीकडे भूक कमी होते याचंच कौतुक असतं. आपलं पोट आधीच वाटीभर. त्यात हे औषध पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतं आणि डोक्यातली भूकही बंद करतं. मग होतं काय, की दिवस निघून जातो आणि आपण काही खाल्लेलंच नसतं, आणि आपल्याला त्याचा आनंद होतो! माझं पाचव्या आठवड्यात तेच झालं. काटा भराभर खाली, मी खूश, आणि एका सकाळी दुसऱ्या मजल्यावरून उतरताना कठडा घट्ट धरून उभी राहिले, पाय कापत होते. डाएटिशियनने मला आदल्या तीन दिवसांचं लिहायला लावलं. अर्धी भाकरी, दोन चमचे वांग्याचं भरीत, ताक, एक केळ, चहा. प्रोटीन काढलं तर दिवसाला २५ ग्रॅमसुद्धा होत नव्हतं. चरबीबरोबर मसलही चालले होते, आणि चाळिशीनंतर गेलेले मसल परत आणणं किती अवघड ते तुम्हाला ठाऊक असेलच.

तेव्हापासून माझा एकच नियम, भूक नसली तरी घड्याळाकडे बघून खायचं. सर्जरीनंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन सांगतात, ते औषधावर असतानाही तेवढंच लागतं, तुमचा आकडा डाएटिशियनकडून घ्या. एका अंड्यात ६ ग्रॅम असतं, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास, व्हे (दुधापासून केलेल्या प्रोटीन) पावडरच्या एका स्कूपमध्ये २० ते २५, आणि आपलं पातळ वरण वाटीभर घेतलं तरी ५-६ च्या वर जात नाही. त्यामुळे वरणभात जेवले म्हणजे प्रोटीन झालं असं समजू नका. माझा दिवस असा असतो: सकाळी दोन अंड्यांची भुर्जी, अकराला व्हे ताकात घुसळून (पाण्यात नको वाटतं मला, ताकात जिरं-मीठ घातलं की जातं), दुपारी आधी पनीर किंवा मटकीची उसळ आणि जागा उरली तर चतकोर भाकरी, संध्याकाळी घट्ट दही, रात्री मासा किंवा सोयाबीनचा खिमा. ताटात आधी प्रोटीन, मग भाजी, भाकरी-भात शेवटी. एक घास वीस वेळा चावायचा, पोट भरलं वाटायच्या आधीच थांबायचं, कारण आता तो भरल्याचा निरोप उशिरा आणि एकदम येतो आणि मग उलटीच.

पाणी जेवणाबरोबर नाही, अर्धा तास मागेपुढे, आणि दिवसभर घोट घोट. तहानही कमी लागते या औषधावर. बद्धकोष्ठ होणार, त्याला पाणी, भाज्या, चालणं, आणि इसबगोल घ्यायचं तर डॉक्टरांना विचारून भरपूर पाण्याबरोबर. आठवड्यातून दोन-तीनदा वजनाचा व्यायामही हवाच. मी घरीच करते, खुर्चीवरून हात न टेकता उठाबशा आणि दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या.

उपवासाचं बोलायला हवं. संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र. दिवसभर काही नाही आणि रात्री साबुदाण्याची खिचडी, यात प्रोटीन शेंगदाण्याच्या कुटापुरतंच. मी आता उपवासाला दूध, दही, पनीर, राजगिरा असं घेते आणि आईची समजूत घातली की देवाला चालतं. डायबेटिससाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर इंजेक्शन सुरू करतानाच त्यांचा डोस कमी करायचा का ते विचारा, नाहीतर शुगर धाडकन खाली येते. बीपीच्या गोळ्यांचंही तसंच, वजन उतरलं की चक्कर येते, मोजत राहा. माझ्या मावसबहिणीची बायपास आहे, तिला श्रीखंड किंवा जिलबी खाल्ल्यावर दीड-दोन तासांनी घाम फुटून थरथर व्हायची, ते डम्पिंग, म्हणजे गोड पटकन आतड्यात उतरून नंतर शुगर खाली जाणं. असं आधीपासून होत असेल तर औषध सुरू व्हायच्या आधी सांगा.

सर्जरीनंतरच्या गोळ्या म्हणजे मल्टिव्हिटॅमिन, बी१२, लोह, कॅल्शियम सायट्रेट, डी३ या चालूच ठेवायच्या, किंबहुना आता खाणं कमी म्हणून जास्तच काटेकोर. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, दोन तास अंतर ठेवा. आणि उलट्यांबद्दल अगदी कळकळीने सांगते. एखाद दिवस मळमळ ठीक आहे, पण दोन-तीन दिवस पोटात काही टिकतच नसेल तर घरी लिंबूसरबत पीत बसू नका, लगेच जा. आपल्यासारख्यांमध्ये बी१ म्हणजे थायमिन पटकन संपतं आणि मग नजर दुहेरी होणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं असं होऊ शकतं, ते मेंदूचं दुखणं आहे आणि उशीर झाला तर कायमचं राहतं. कॅज्युअल्टीत गेलात तर "माझी बॅरियाट्रिक सर्जरी झालीय, ग्लुकोजचं सलाईन लावायच्या आधी थायमिन द्या" हे वाक्य घरातल्या एकाला पाठ करून ठेवा. पोटात जोराची कळ पाठीपर्यंत जात असेल, उजव्या बरगडीखाली दुखत असेल, शौचाला काळं होत असेल तरीही थांबायचं नाही. डोकं-गुडघा दुखला म्हणून ब्रुफेन, डायक्लोफेनाक घेऊ नका, बायपासवाल्यांनी तर नाहीच, अल्सर होतो.

एंडोस्कोपी, दाताची भूल, कुठलंही ऑपरेशन असेल तर आठवड्याचं इंजेक्शन चालू आहे हे आधी सांगायचं, उपाशी राहिलात तरी पोटात अन्न उरलेलं असू शकतं.

खर्च मोठा आहे. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं आपल्याकडचं पेटंट संपलं, त्यामुळे आता पर्याय वाढलेत, केमिस्टकडे विचारायला हरकत नाही, पण बिल घ्या, बॅच नंबर बघा, थंड पॅकमधून आलंय का बघा. कुणाच्या तरी ओळखीतून, व्हॉट्सअ‍ॅपवरून, पावडर मिसळून घ्यायच्या बाटल्या अजिबात नकोत. आणि सुरू करायच्या आधीच घरी बसून हिशेब करा की हे वर्षभर, दोन वर्षं झेपणार आहे का. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं साधारण दोन तृतीयांश परत आलं होतं. सहा महिन्यांचे पैसे असतील तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ते डोस आणि पुढचं त्या हिशेबाने ठरवतील, मधेच पैसे संपले म्हणून गुपचूप बंद करू नका.

मी आज ८० किलोवर आहे. ७६ परत दिसेल की नाही माहीत नाही, डॉक्टर म्हणतात त्याची घाई नको, हाताची पकड आणि जिन्यावरची चाल बघू. पुढच्या महिन्यात परत रक्त द्यायचंय, फेरिटिन अजून वर आलेलं नाही, आणि बुधवारच्या बाजारातून अळीवही आणायचेत.