उद्योगांवरील टपाल तिकिटांचा संग्रह कसा करावा

भारतीय उद्योगांवरील तिकिटे जमवायची असतील, तर सुरुवात २६ जानेवारी १९५५ रोजी निघालेल्या पंचवार्षिक योजनेच्या मालिकेपासून करावी. सहा पैच्या तिकिटावर यंत्रमाग, दोन आण्यांच्या तिकिटावर चरख्यावर सूत कातणारी स्त्री, आठ आण्यांवर चित्तरंजनचा रेल्वे इंजिनांचा कारखाना आणि पाच रुपयांवर सिंद्रीचा खत कारखाना आहे. चरखा आणि यंत्रमाग एकाच मालिकेत शेजारी नांदावेत, यात हातकाम की यंत्र हा त्या काळातला सारा वाद मला दिसतो, आणि म्हणूनच ही दोन तिकिटे एकाच पानावर लावावीत असे मी आग्रहाने सांगेन.

पुढची मांडणीही सालवार न करता उद्योगवार करावी. यंत्रमागाच्या पानावर नंतरच्या काळातले दोन रुपयांचे विणकामाचे तिकीट येईल. पोलादाच्या पानावर १९५५ चे दहा रुपयांचे तिकीट आणि १९५८ चे पोलाद उद्योगाच्या सुवर्णमहोत्सवाचे तिकीट येईल. १९६५ च्या मालिकेतील पंधरा पैशांची चहाची खुडणी आणि दहा रुपयांची तुर्भ्याची अणुभट्टी यांना स्वतंत्र पाने द्यावीत.

सर्वांत बारकाईने पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली पुसट खूण. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आल्यामुळे आण्यांची तिकिटे मागे पडली, पण रुपया तोच राहिल्याने रुपयांच्या किमतीची चित्रे पुढेही छापली गेली. फक्त कागद बदलला आणि ताऱ्यांच्या जलचिन्हाऐवजी अशोकस्तंभाचे जलचिन्ह आले. सिंद्रीची दोन तिकिटे समोरून अगदी सारखी दिसतात. ती काळ्या गुळगुळीत पृष्ठभागावर पालथी ठेवून तिरप्या उजेडात भिंगाने पाहिली की एकावर तारे, तर दुसऱ्यावर अशोकस्तंभाचे शीर्ष उमटते. विकत घेताना दोन्ही निरनिराळी धरावीत.

वापरलेले तिकीट पाकिटावरून कधीही ओढून काढू नये. भोवती बोटभर कागद ठेवून कापून घ्यावे, कोमट पाण्यात तरंगत ठेवावे आणि ते आपोआप सुटले की टीपकागदावर पालथे वाळवून जड पुस्तकाखाली दाबावे. शिक्क्यातले गाव आणि तारीख वाचता येत असेल, तर मी कोऱ्या तिकिटापेक्षा तेच निवडतो. पोलादाच्या तिकिटावर जमशेदपूरचा शिक्का मिळाला, तर ते जपून ठेवण्याजोगे असते.

कोऱ्या तिकिटांचा डिंक मात्र आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हमखास पानाला चिकटतो. म्हणून तिकिटे हिंजने (डिंक लावलेल्या छोट्या कागदी घडीने) न चिकटवता स्टॉकबुकच्या, म्हणजे तिकिटे सरकवून ठेवायच्या वहीच्या, पट्टीत ठेवावीत, हाताने न धरता चिमट्याने उचलावीत, आणि पुस्तक आडवे न रचता उभे ठेवून शेजारी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.