मुलांचे गणित-विज्ञानाचे खेळ घेताय? या चुका टाळा

प्राथमिकच्या मुलांना खेळातून गणित आणि विज्ञान द्यायचा उत्साह वाढलाय, ते चांगलंच आहे. पण त्याच त्या चुका बघून आता वैताग येतो. तासभर दंगा होतो, टाळ्या पडतात, सगळे खूश असतात आणि एकाही मुलाला थांबून विचार करावा लागलेला नसतो.

प्रश्नपत्रिकेला खेळाचे कपडे घालणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. फासा टाका, सोंगटी पुढे न्या, रंगीत घरात आलात की कार्ड उचला: ७ × ८ किती? आलं तर पुढे, नाही आलं तर एक डाव गेला. यात खेळ आहे आणि गणितही आहे, फक्त दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

एका शाळेच्या गणित जत्रेत खडूनं आखलेला भलामोठा पट होता. कार्डं सुंदर केलेली, मेहनत दिसत होती. पाढे पाठ असलेल्या मुलांच्या सोंगट्या भराभर पुढे गेल्या. तिसरीतला एक मुलगा मात्र पहिल्याच कार्डाला अडला आणि त्याचा डाव गेला. पाळी परत आली, परत अडला, परत डाव गेला. मग तो खडूची रेघ बुटानं पुसत उभा राहिला. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच सगळ्यात कमी गणितं मिळाली. नियमच तसा होता.

मी कार्डं बाजूला ठेवायला लावली आणि दोन फासे घेतले. नियम एवढाच: पडलेल्या दोन आकड्यांची बेरीज, वजाबाकी किंवा गुणाकार करायचा, तीनपैकी हवं ते उत्तर निवडून आपल्या आकड्यात मिळवायचं आणि बरोब्बर १०० गाठायचे. १०० ओलांडायचे नाहीत. थोड्या वेळानं तो मुलगा ८२ वर होता. फाशांवर पडले ६ आणि ३. बाकीची मुलं ‘नऊ घे, नऊ घे’ म्हणून ओरडत होती. तो बोटांवर काहीतरी जुळवत बसला आणि म्हणाला, "अठरा घेतो. झाले शंभर." सहा त्रिक पाठ नव्हतं त्याचं, सहा-सहा मिळवत गेला होता. पण प्रत्येक डावाला तीन उत्तरं काढून त्यातलं एक निवडायचं, एवढा सराव त्या कार्डांनी कधीच दिला नसता.

कुठलाही खेळ घेण्याआधी मी एक गोष्ट बघते: यातलं गणित काढून टाकलं तरी खेळ चालतो का? चालत असेल तर तो खेळ मुलांच्या हातात द्यायला हरकत नाही, पण त्याला गणिताचा सराव म्हणू नका.

साधी सापशिडीही नीट खेळली तर उपयोगी पडते. ३४ वर असताना ३ पडले की बहुतेक मुलं ‘एक, दोन, तीन’ म्हणत सोंगटी सरकवतात, काही तर उभं असलेलं घरही मोजतात. त्याऐवजी ‘पस्तीस, छत्तीस, सदतीस’ म्हणायला लावा. अंकांच्या सरळ पटावर खेळल्यानं लहान मुलांची संख्यांची समज सुधारते, हे गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं. नुसत्या रंगांच्या पटावर खेळलेल्या मुलांत तशी सुधारणा दिसली नव्हती.

युक्ती आधीच सांगून टाकणं

२१ काड्यांचा खेळ घ्या. दोघांनी आळीपाळीनं १, २ किंवा ३ काड्या उचलायच्या, शेवटची काडी उचलेल तो जिंकला. मुलं आधी वाटेल तशा उचलतात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं, की समोरच्यापुढे ४ काड्या राहिल्या तर तो काहीही करो, हरतोच. पुढे ८ चं कळतं, मग १२ चं. एक दिवस कुणीतरी पहिलीच काडी एकटी उचलून २० ठेवतं आणि हसतं. चारचा पाढा त्या मुलाला असा सापडतो.

आणि मोठी माणसं काय करतात? दुसऱ्याच डावाला सांगून टाकतात, "अरे, चारच्या पटीत ठेव!" खेळ तिथेच मेला. हीच माणसं मग ‘मुलांना खेळ पुरत नाहीत, रोज नवा लागतो’ अशी तक्रार करतात. खेळ बदलू नका, नियम बदला. ‘शेवटची काडी उचलेल तो हरला’ असं केलं की सगळा विचार पुन्हा करावा लागतो. मुलानं विचारलंच तर मी एवढंच म्हणते: काड्या कमी करून खेळून बघ, पाचच घे.

घड्याळ लावणं

नका लावू. वेगाच्या भीतीनं मुलं अंदाजपंचे उत्तरं ठोकतात. पाढ्यांची एवढी घाई असेल तर हे बघा: १, २, ५ आणि १० चे पाढे येत असतील आणि ७ × ८ म्हणजेच ८ × ७ हे कळलं असेल, तर दहापर्यंतच्या पाढ्यांत फक्त २१ जोड्या उरतात. त्याला शर्यत कशाला हवी?

अंदाज न विचारता प्रयोग दाखवणं

तरंगतं की बुडतं, हा खेळ सगळेच घेतात. वस्तू पाण्यात टाकतात, मुलं ‘बुडाली!’ ओरडतात, संपलं. वस्तू पाण्यात पडण्याआधी प्रत्येकानं आपला अंदाज वहीत लिहिलाच पाहिजे, आणि खोडरबर माझ्याकडे जमा. जड ते बुडतं, असं मुलांना ठाम वाटत असतं. मग चिकणमातीचा गोळा पाण्यात टाकायचा. तो बुडतो, मुलं खूश. आता त्याच गोळ्याची पातळ वाटी करायची. ती तरंगते. वजन तेच, माती तीच. इथे गप्प बसायचं. वाटी जास्त पाणी बाजूला सारते, इथपर्यंत मुलांचं बोलणं पोचायला वेळ लागतो, आणि तोवर ‘घनता’ हा शब्द काढलात तर मुलं तो पाठ करून मोकळी होतात.

लोहचुंबकाचंही तेच. ‘धातू चिकटतो’ असं मुलांनी लिहिलं की लगेच दुरुस्त करू नका, तांब्याची तार आणि ॲल्युमिनियमचा कागद पुढे ठेवा.

आणखी काही

दुसरीतल्या मुलापुढे ९ × ९ चं सुडोकू ठेवू नका, ४ × ४ पासून सुरू करा.

मुद्दाम हरू नका. मुलांना ते कळतं.

चुकीच्या उत्तराला नुसता आवाज करणारं ॲप सरावाचं नाही. मूल चारही पर्याय दाबून पुढे जातं.

कागदी भिरभिरं वरून सोडून वेळ मोजताना एका वेळी एकच गोष्ट बदला. पंख लांब केले तर खालची पिन तीच ठेवा, आणि तेच भिरभिरं निदान तीनदा सोडा, कारण एखादं वाऱ्यानं भरकटतंच.