सेलेनियम नॅनोकण करताय? या चुका टाळा

सोडियम सेलेनाइट या सेलेनियमच्या क्षाराच्या द्रावणात ॲस्कॉर्बिक ॲसिड थेंबाथेंबाने सोडलं की द्रावण केशरी-लाल होतं. रंग चढला की विद्यार्थ्यांचे चेहरे खुलतात आणि त्याच संध्याकाळी पेशींवर प्रयोग लावायची घाई सुरू होते. रंगावरून इतकंच कळतं की मूलद्रव्यी सेलेनियम तयार झालं. सेलेनाइट किती शिल्लक राहिलं, ते कळत नाही.

हे शिल्लक सेलेनाइट न काढणं ही मला सगळ्यात घातक चूक वाटते. सेलेनाइट स्वतःच विषारी आहे. कर्करोगाच्या कित्येक पेशी ते काही मायक्रोमोलरमध्येच मारतं. एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी चिटोसानचं (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या बहुवारिकाचं) आवरण दिलेल्या कणांचे आकडे घेऊन आली होती. हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी) भराभर मरत होत्या, आलेख देखणा होता, पेपरचा मसुदाही तयार. मी विचारलं, "कण खाली बसवून वरचं पाणी वेगळं लावून पाहिलंस का?" पाहिलं नव्हतं. नमुना सेंट्रिफ्यूज केला, वरचं नितळ पाणी तेवढ्याच मापाने पेशींना दिलं. पेशी जवळजवळ तशाच मेल्या! मग तिने नीट डायलिसिस करून, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून विरघळलेलं सेलेनाइट बाहेर काढून, सगळं पुन्हा लावलं. परिणाम बराच उतरला, पण जो राहिला तो कणांचा होता. प्रबंधात तोच गेला.

माझ्याकडे डायलिसिस पाणी बदलत बदलत किमान रात्रभर चालतं आणि शेवटच्या पाण्यातलं सेलेनियम मोजल्याशिवाय थांबत नाही. शिवाय पेशींच्या प्रत्येक प्लेटवर कणांच्या शेजारी तुलनेसाठी (कंट्रोल म्हणून) तितक्याच सेलेनियमचं सेलेनाइट, वरचं पाणी आणि नुसतं चिटोसान असतंच. प्लेटवर जागा नाही म्हणणाऱ्याने तपासायच्या मात्रांची संख्या कमी करावी, कंट्रोल काढू नयेत. माणसाला दिवसाला साधारण 55 मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरतं आणि 400 च्या वर जाऊ नये असं सांगतात. इतकी अरुंद फट असताना हा हिशेब ढिला ठेवून औषधाची भाषा करणं मला पटत नाही.

ॲस्कॉर्बिक ॲसिडही धुऊन काढा. अँटिऑक्सिडंट चाचणीत वापरतात त्या डीपीपीएच या जांभळ्या रसायनाचा रंग ते स्वतःच घालवतं, मग 'उत्तम अँटिऑक्सिडंट' असा निष्कर्ष निघतो. पेशींच्या माध्यमात तेच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं.

दुसरी चूक ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करण्याची. लाल सेलेनियम अस्फटिक असतं, उष्णता लागली की ते करड्या-काळ्या स्फटिक रूपात जातं. 121 अंशांवर निर्जंतुक करायला ठेवलेली लाल बाटली उघडली की तळाशी काळा गाळ दिसतो, आणि मग "सर, कण खराब निघाले" अशी तक्रार येते. कण चांगलेच होते. मी सुरुवातीची द्रावणं 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घेतो आणि कण लॅमिनार फ्लोमध्येच (गाळलेल्या, जंतुरहित हवेच्या कपाटात) बनवतो. तयार कण गाळले तर मोठे फिल्टरवर अडकतात आणि मात्रा घटते. गाळलेच, तर सेलेनियम पुन्हा मोजा. ओव्हनमध्ये सुकवायचा शॉर्टकटही नको. फ्रीज-ड्राय करा (गोठवून निर्वातात सुकवा), आधी कणांना जपणारी ट्रेहॅलोज ही साखर घालून.

बाकीच्या थोडक्यात. डीएलएसचा (प्रकाशाच्या विखुरण्यावरून द्रावणातला आकार मोजण्याचा) आकडा आणि टीईएममधला (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातला) आकार सारखा येत नाही, दोन्ही द्या. कण नुसत्या पाण्यात स्थिर राहिले म्हणून खूश होऊ नका. पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट बफरमध्ये) चिटोसानचे कण गोळा होतात, तेव्हा सीरम असलेल्या माध्यमातही आकार पाहा. एमटीटीमध्ये (जिवंत पेशी रंगावरून मोजण्याच्या चाचणीत) कणांचा रंगही मोजला जातो, म्हणून प्लेटवर पेशी नसलेला, फक्त कणांचा एक खळगा (वेल) ठेवा. सेलेनियम मोजताना आयसीपी-एमएसवर (अणूंच्या वस्तुमानावरून मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) वस्तुमान 80 निवडू नका, तिथे यंत्रातल्या आर्गॉनच्या दोन अणूंची जोडी आडवी येते.

ॲस्कॉर्बिक ॲसिडऐवजी पाल्याच्या अर्काने कण बनवण्यापासून सुरुवात करू नका. अर्क मुळातच तपकिरी, त्यात रंगबदल काय दिसणार? शिवाय ऋतू बदलला की अर्क बदलतो. आधी ॲस्कॉर्बिक ॲसिडने दोन बॅच सारख्या काढून दाखवा, मग तुळस-कडुनिंब.

आणि लवकर होतं म्हणून सोडियम बोरोहायड्राइड वापरणार असाल तर फ्यूम हूडबाहेर मुळीच नको. हायड्रोजन सेलेनाइड वायू तयार होऊ शकतो आणि तो फार विषारी असतो.