चाळ कधी फोडायची?

मे महिन्यात कांद्याची चाळ, म्हणजे साठवणीची हवेशीर शेड, भरली की आमच्या चांदवडकडे (जि. नाशिक) जो तो विचारतो, "भाव वाढेल का?" मी हा प्रश्न विचारायचं सोडलंय.

त्याऐवजी एक काम करा. कांदा भरताना २० किलो मोजून जाळीच्या गोणीत घाला आणि गोणी ढिगात आतवर, पण हाताला येईल अशी ठेवा. (कडेची गोणी खोटं बोलते, तिला वारा लागतो.) दर पंधरा दिवसांनी सडका काढून वजन करा. २० चे १८ झाले, तर आज १५ रुपये किलोने जाणारा कांदा तेव्हा १६ रुपये ६७ पैशांना गेला तरच तेवढेच ३०० रुपये हातात येतात. घट अशी मोजता येते.

दिल्लीचं मन मात्र कुठल्या काट्यावर मोजणार? १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि मी घाबरून अख्खी चाळ रिकामी केली. ऑक्टोबर सरता सरता भाव असे चढले की सरकारने टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत लावली. तोवर मी घरी खायला कांदा विकत आणत होते.

अर्थशास्त्र शिकणारी लेक हसली. म्हणाली, हे एल्सबर्ग नावाच्या अर्थतज्ज्ञाचं १९६१ सालचं कोडं आहे. पिशवीत ९० चेंडू, ३० लाल. उरलेल्या ६० मध्ये काळे किती, पिवळे किती, माहीत नाही. पैज कशावर लावशील, लालवर की काळ्यावर? बहुतेक लोक लाल म्हणतात. काळे कमी आहेत असं कुणी सांगितलेलं नसतं, तरी अंधारात हात घालवत नाही. मीही लाल म्हणाले. ऑगस्टमध्ये तेच केलं होतं: हातातला भाव लाल, पुढचा भाव अंधारातला.

आता गावच्या सोसायटीचं पीककर्ज आणि मजुरी भागेल एवढा कांदा मिळेल त्या भावाने आधीच काढते. उरलेल्याचे तीन भाग. त्यांच्या तारखा मे महिन्यातच खडूने चाळीच्या फळीवर लिहायच्या, डोकं थंड असताना. प्रत्येक भागापुढे स्वतःला विचारायचं: ८ रुपयेच मिळाले तर घर चालेल का? नाही म्हणाल तो भाग पुढे ढकलायचा नाही. तारीख अलीकडे आणायचा हक्क फक्त त्या वजनाच्या गोणीला. व्हॉट्सॲपवरच्या "आतल्या बातमी"ला नाही, आणि आमच्या दिरांनाही नाही.

शेवटचा भाग घटस्थापनेला. पुढे खरिपाचा नवा लाल कांदा बाजारात येतो, आणि आपल्या कांद्याला कोंब.