सेप्टिक शॉक: मिरजेला पाठवण्याआधी या चुका टाळा

जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडू लागले की तो सेप्सिस, त्यात बीपीही कोसळला की सेप्टिक शॉक. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून मिरजेला येणाऱ्या सेप्सिसच्या पेशंटची चिठ्ठी बरेचदा एकाच वळणाची असते. बीपी लागत नव्हता, चार सलाईन दिले, पुढील उपचारासाठी पाठवत आहे. नॉरअ‍ॅडचं नावच नाही. रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन हे आयसीयूतलं औषध, हा समज तालुक्याच्या ठिकाणी अजून घट्ट आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं.

सलाईन लागतंच. 2021 च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस या आंतरराष्ट्रीय उपचार-सूचनांप्रमाणे पहिल्या 3 तासांत किलोमागे निदान 30 मिली, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 1800 मिली. शक्यतो आरएल (रिंगर लॅक्टेट). पण इथे रक्तवाहिन्याच सैल पडलेल्या असतात, नुसत्या बाटल्या चढवत राहिलं की पाणी फुफ्फुसात उतरतं. दर अर्ध्या लिटरनंतर छाती ऐका, श्वास मोजा. बीपी फारच खाली असेल तर बाटल्या संपायची वाट न बघता सोबतच नॉरअ‍ॅड लावा.

सेंट्रल लाइन, म्हणजे मानेच्या किंवा छातीच्या मोठ्या शिरेतली नळी, नाही म्हणून अडून राहू नका. कोपराच्या खळगीत किंवा त्याच्या वर, चांगल्या शिरेत 18 किंवा 20 नंबरची सुई चालते. मनगटाच्या बारीक शिरेत नको. त्या हाताला बीपीचा पट्टा बांधू नका आणि त्या लाइनमधून दुसरं इंजेक्शन ढकलू नका, नाहीतर नळीतलं नॉरअ‍ॅड एकदम आत जातं. जागा पांढरी पडली किंवा सुजली की तिथलं बंद, दुसऱ्या हाताला चालू.

अँप्यूल फोडण्याआधी लेबल नीट वाचा. काही लेबलांवर बायटार्ट्रेट या क्षाराचं वजन असतं, काहींवर बेसचं, म्हणजे मूळ औषधाचं. बायटार्ट्रेटचे 2 मिलिग्रॅम म्हणजे बेसचा साधारण 1 मिलिग्रॅम. इथे गफलत झाली की डोस थेट निम्मा किंवा दुप्पट. बेसचे 2 मिलिग्रॅम 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये 50 मिली केले, तर 60 किलोच्या पेशंटला ताशी साडेचार मिली म्हणजे मिनिटाला किलोमागे 0.05 मायक्रोग्रॅम. तिथून वाढवत न्या. बीपीसाठी डोपामिन लावायची सवय मात्र सोडा, त्याने हृदयाचे ठोके बिघडतात.

वरचा बीपी 92 आहे, बरा आहे, असं सिस्टर सांगतात. खालचा विचारा. 92/40 म्हणजे सरासरी 57. आपल्याला 65 हवी. खालच्या आकड्याची दुप्पट, त्यात वरचा मिळवा, तिनाने भागा. शिवाय बोटाचं टोक 10 सेकंद दाबून सोडा. लाली परतायला 3 सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर आकडा सुधारला तरी शॉक गेलेला नाही. लघवीची नळी घालून तासाची लघवी लिहा.

अँटिबायोटिक तासाभरात गेलंच पाहिजे. जंतू शोधायला रक्ताचं कल्चर आधी घ्या, पण त्याची बाटली नाही म्हणून खोळंबू नका. मधुमेहाच्या पायात पू असेल किंवा खड्याने मूत्रपिंड तुंबलं असेल, तर ते मोकळं होईपर्यंत नॉरअ‍ॅड उतरणार नाही. म्हणून सर्जनला पेशंट निघतानाच फोन करा. त्याचा डोस मिनिटाला किलोमागे 0.25 मायक्रोग्रॅमच्या वर 4 तास राहिला तर हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइड 50 मिलिग्रॅम दर 6 तासांनी.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढवताना औषध ठरल्या वेगाने सोडणाऱ्या सिरिंज पंपाची बॅटरी बघा आणि दुसरी सिरिंज भरून सोबत द्या. नॉरअ‍ॅडचा असर दोन-चार मिनिटांत ओसरतो. सिरिंज वाटेत संपली तर बीपी तिथेच कोसळतो. चिठ्ठीवर वेळेसकट लिहा: सलाईन किती मिली गेलं, नॉरअ‍ॅडचं मिश्रण आणि वेग काय, अँटिबायोटिक कोणतं.