पाणी 106 अंशांना उकळलं तेव्हा

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी प्रोजेक्टला अगदी साधा विषय घेतला होता. गरम पाणी निवताना तापमान कसं उतरतं, त्याचा आलेख काढायचा. दर मिनिटाला थर्मामीटरमध्ये डोकावून आकडा लिहायचा कंटाळा, म्हणून सेन्सर थेट लॅपटॉपला जोडायचं ठरवलं. सेन्सरचे आकडे लॅपटॉपला देणाऱ्या तयार डेटा कार्डांच्या किमती बघितल्या नि मुकाट्याने लॅपटॉप मिटला. माझ्याकडे होते पाचशे रुपये.

एक सिनियर म्हणाला, "माइकच्या जॅकमध्ये घाल की, साउंड कार्ड आहेच." ऐकायला छान. पण माइकच्या वाटेवर कपॅसिटर असतो आणि स्थिर व्होल्टेज त्याच्या पलीकडे जात नाही. आवाज सारखा वरखाली होतो म्हणून पोचतो; तासभर हळूहळू उतरणारं तापमान पोचत नाही. तो नाद सोडा.

मग पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून अर्दुइनो नॅनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाची चिनी कॉपी, एलएम35 हा तापमानाचा सेन्सर, सोल्डर न करता जोडणी करायचा ब्रेडबोर्ड आणि थोड्या जंपर वायरी आणल्या. पहिली संध्याकाळ लॅपटॉपला बोर्ड दिसेना म्हणून गेली. बोर्डावरच्या सीएच340 या यूएसबी चिपचा ड्रायव्हर टाकला, पोर्ट बदलून पाहिले, दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या. दोष निघाला केबलचा. जुन्या स्पीकरबरोबर आलेली ती केबल नुसती चार्जिंगची होती, डेटाच्या तारा आत नव्हत्याच. बोर्डावरचा दिवा मात्र छान लागतो, म्हणून संशयही येत नाही.

एलएम35 दिसायला हुबेहूब बीसी547 ट्रान्झिस्टरसारखा. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, की डावा पाय 5 व्होल्टला, मधला आउटपुट, उजवा ग्राउंडला. उलटा लावलात तर बोटाला चटका बसून कळतं. मला तसंच कळलं, आणि दुसरा सेन्सर आणायला परत बुधवार पेठ गाठावी लागली. आउटपुट नॅनोच्या ए0 पिनला जोडायचं. एका अंशाला 10 मिलिव्होल्ट, म्हणजे 30 अंशांना 300.

नॅनो हे व्होल्टेज 0 ते 1023 अशा आकड्यात सांगतो. यूएसबीवरून त्याला मिळणाऱ्या 5 व्होल्टचे 1024 भाग केले तर एक पायरी साधारण 4.9 मिलिव्होल्टची, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अंशाची. आलेख जिन्यासारखा दिसला तो त्यामुळेच. तेही चालवून घेतलं असतं, पण उकळत्या पाण्यात माझा सेन्सर 106 अंश दाखवत होता. पुण्याच्या उंचीवर पाणी 98 च्या आसपास उकळतं. सर आकडा बघून एवढंच म्हणाले, "कुकर लावलायस का?"

दोन दिवस सेन्सरला दोष दिला. मग सहज मल्टिमीटरने बोर्डाचा 5 व्होल्टचा पिन मोजला, तर 4.6 भरले! कोडमध्ये मी 5 धरून बसलेलो. मोजायची पट्टीच आखूड, मग सगळं लांब भरणारच. 98 ला 5 ने गुणून 4.6 ने भागा, 106 च्या थोडे वर येतात. शिवाय यूएसबीचं व्होल्टेज पोर्ट बदलला, केबल बदलली की हलतं, त्यामुळे 4.6 लिहूनही निभावलं नसतं.

उपाय फुकटचा आहे. नॅनोच्या चिपमध्ये स्वतःचा 1.1 व्होल्टचा संदर्भ असतो, म्हणजे 5 व्होल्टऐवजी मोजायला धरता येणारं व्होल्टेज. 'analogReference(INTERNAL);' ही एक ओळ कोडच्या सुरुवातीच्या सेटअपमध्ये टाकायची. पायरी एका मिलिव्होल्टवर येते, म्हणजे अंशाचा दहावा भाग. तो 1.1 प्रत्येक चिपमध्ये नेमका तेवढाच नसतो, पण जागचा फारसा हलत नाही. म्हणून बोर्डाच्या एआरईएफ (संदर्भाच्या) पिनवर एकदा मोजायचा आणि तोच आकडा कोडमध्ये घालायचा. मल्टिमीटर नसेल तर मागून आणा, त्याच्याशिवाय सुरुवातच करू नका. संदर्भ बदलल्यानंतरची पहिली काही रीडिंग टाकून द्या. मी दर सेकंदाला शंभर रीडिंगची सरासरी घेत होतो, त्याने आकड्यांची थरथर थांबली.

सेन्सर उघडा पाण्यात बुडवू नका, पाय ओले झाले की रीडिंग भरकटतं. मी तो थोडं तेल घातलेल्या बारीक टेस्ट ट्यूबमध्ये सोडला आणि ट्यूब पाण्यात धरली. थोडा उशिरा प्रतिसाद देतो, पण निवणाऱ्या पाण्याला कुठे घाई असते? नुसतं तापमानच हवं असेल तर डीएस18बी20 हा डिजिटल सेन्सर घेऊन मोकळे व्हा. माझ्या प्रोजेक्टचं नावच 'अॅनालॉग' असल्यामुळे मला ती पळवाट नव्हती.

लॅपटॉपवर पायथन भाषेतल्या पायसीरियल या लायब्ररीने दहा-बारा ओळींत सगळं फाइलमध्ये उतरतं. पोर्ट उघडताच नॅनो रीसेट होतो, तेव्हा वाचण्याआधी दोन सेकंद थांबायला सांगा. आणि लॅपटॉपची झोप बंद करून ठेवा. माझ्या पहिल्या पूर्ण रात्रीच्या नोंदी पंधराव्या मिनिटाला संपल्या होत्या आणि सकाळी पातेल्यातलं पाणी गार पडलं होतं.